गुपितरावाचं चाक

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली गुपितराव म्हणते, आणि हे नाव त्याने स्वतःच्या कष्टाने कमावलंय. लहानपणी लपंडाव खेळताना हा एकदा असा लपला, की खेळ संपला, पोरं घरी जाऊन जेवली, तरी हा कपाटामागेच. शेवटी आईने कान धरून बाहेर ओढलं, तर तिलाच विचारतो, "तुला कुणी सांगितलं मी इथे आहे म्हणून?" जन्मदात्या आईला, बरं का! तेव्हापासून आजतागायत त्याचा पहिला प्रश्न हाच. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, काय होतंय? तर हा म्हणतो, तुम्ही का विचारताय? लग्नासाठी एक मुलगी बघायला गेलो होतो. चांगली हसतमुख होती. ह्याने तिच्या वडिलांना विचारलं, "माझ्या दुकानाचा पत्ता तुम्हाला दिला कुणी?" अहो, मीच दिला होता! मी शेजारीच बसले होते. ते स्थळ गेलं ते गेलंच, पुढे कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही.

आईवडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे हा एकटा प्राणी. पुढे दुकान, मागे एक खोली, खोलीत खाट आणि टेबल, एवढंच ते माहेर. दुपारचा डबा मी न्यायची. तो खायचा, मी पलीकडच्या स्टुलावर बसून बडबडायची, आणि रिकामा डबा घेऊन घरी यायची. लोकांची माहेरं चांगली ऐसपैस असतात, दिवाणखाने काय, अंगण काय. माझं त्या स्टुलावर मावायचं. पण होतं.

धंदा स्पीकर दुरुस्तीचा. आतले फाटलेले कागदी पडदे बदलायचे, जळालेली कॉइल काढून नवी बसवायची. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, हे मी बहीण म्हणून सांगत नाही, गिऱ्हाइकंच सांगतात. जे स्पीकर अगदीच मेलेले असायचे, त्यांच्यातली लोहचुंबकाची काळी जड कडी तो काढून ठेवायचा. वर्षानुवर्षं साठत गेली. एकमेकांना अशी घट्ट चिकटून बसायची की सोडवताना बोटं चेंगरायची आणि तोंडातून शिव्या निघायच्या. मी म्हणायची, दे टाकून भंगारात. तर माझ्याकडे असा बघायचा जसं काही मीच भंगारवाल्याची भागीदार आहे.

एक दिवस डबा घेऊन गेले तर मागच्या खोलीच्या दाराला पडदा. तो सारला तर आत आणखी एक पडदा. म्हटलं, काय बाई, बाळंतीण आहे की काय आत? बाळंतीण नव्हती, चाक होतं. सायकलची जुनी रिम, तारा काढून टाकलेली, आणि त्यात लाकडी पट्ट्यांचे हात बसवलेले.

मला शपथ घालून त्याने समजावलं. "ताई, प्रत्येक हातात एक लोखंडी गोळा, पुढेमागे सरकणारा. उजवीकडून खाली येताना गोळा टोकाला जातो, म्हणून ती बाजू जड. डावीकडून वर जाताना मधलं लोहचुंबक त्याला आत ओढून घेतं, म्हणून ती बाजू हलकी. उतरताना जड, चढताना हलकं. मग ते थांबेल कशाला?"

"आणि वीज?"

"वीज नाही, तेल नाही, पाणी नाही. वजन आणि लोहचुंबक, बस्स."

मला शाळेत विज्ञान कधी पचलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं. शिवाय त्याचे डोळे असे चमकत होते की आईची आठवण आली. घरी येऊन मी शपथ मोडली आणि आमच्या ह्यांना सांगितलं. आमचे हे लेथवर काम करतात, लोखंड कापून गोल करायचं काम. दिवसभरात बोलतात तेवढे शब्द मी एका श्वासात बोलते. ह्यांनी जेवताजेवता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ओढतं ते ठीक. पण ओढलेला गोळा ते सोडणार कधी?"

झालं! हे वाक्य मी मूर्खासारखं भावाच्या कानावर घातलं आणि तिथेच माशी शिंकली. "भावोजींना कसं कळलं? सगळी गोम तिथेच आहे. तेवढंच मी कुणाला सांगितलं नव्हतं." मी म्हटलं, अरे, साधा प्रश्न आहे तो. "साधा माणूस असा प्रश्न विचारत नाही, ताई." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ह्याच्या मनात सगळेच चोर.

आता कामाची पद्धत ऐका. कुणा एकाला पूर्ण चाक कळू नये म्हणून सुटे भाग वेगवेगळ्यांकडून करून घ्यायचे, आणि प्रत्येकाला थाप वेगळी. सुताराला सांगितलं, पाळण्याच्या पट्ट्या आहेत. बिनलग्नाच्या माणसाने पाळण्याच्या पट्ट्या मागितल्यावर काय होणार? संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका मला येऊन विचारायला लागल्या. वेल्डरला सांगितलं, पक्ष्याचा पिंजरा. आणि आमच्या ह्यांना चाकाचा एक्सल करायला दिला, तो मुद्दाम खोट्या मापाचा. हवा होता त्यापेक्षा जाड सांगितला. का, तर खरं माप भावोजींना कळू नये. मग घरी बसून तो कानशीने घासून बारीक करायचा.

ह्यांनी माप ऐकलं, एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काही न बोलता सांगितलं तेवढाच कापून दिला. रात्री मला म्हणाले, "खोटं माप दिलंय त्याने."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"गिऱ्हाईक मागेल तेवढं कापायचं. पण लेथवरचा गोल कानशीने घासला की गोल राहतो का? खडखडणार तो भोकात."

खडखडलाच. चाकाच्या मधल्या भोकात एक्सल चांगला सैल बसला. पण गुपितराव खूश, कारण गुपित राहिलं होतं.

महिनोन्महिने ते चाक काही फिरलं नाही. हाताने ढकललं की जरा जायचं, मग एक गोळा जाऊन लोहचुंबकाला चिकटायचा आणि चाक तिथेच हटून बसायचं. हा कडी इकडची तिकडे करायचा, मध्ये पत्रे घालायचा, गोळे हलके करायचा. दुकानात गिऱ्हाइकांचे स्पीकर पडून. मी बोलून बोलून दमले.

आणि एका दुपारी डबा घेऊन गेले, दोन्ही पडदे सारले, तर चाक फिरत होतं.

जोरात नाही. आपलं सावकाश, डुगडुगत, पण फिरत होतं. भाऊ हात मागे बांधून भिंतीला टेकून उभा होता. आता मी काही त्याच्यासारखी नाही, पण भोळीही नाही. टेबलाखाली वाकून पाहिलं, वायर नाही. मागे हात घातला, बॅटरी नाही. खिडकी लावून घेतली, म्हटलं वारा असेल. पंखा तर बंदच होता. पलीकडे छापखान्याच्या मशीनची रोजची धडधड चालली होती, तिच्या तालावर चाक आपलं फिरतंच आहे. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "अरे, जमलं की रे तुला!" म्हणून मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि आम्ही दोघं बहीणभाऊ वेड्यासारखे हसत सुटलो. कितीतरी वर्षांनी हसलो असू असे.

तेवढ्यात पुढून ह्यांचा आवाज आला, "आहेस का गं?" त्या दिवशी मला घेऊन एका नातेवाइकांकडे जायचं होतं. आवाज ऐकल्याबरोबर भावाने काय केलं असेल? फिरतं चाक हाताने धरून थांबवलं, त्याच्यावर चादर टाकली आणि खाटेवर जाऊन बसला. हे आत आले तर म्हणतो, "काही नाही, गप्पा मारतोय."

मी त्याला डोळे वटारून दाखवले. अरे, दाखव की! पण तो ताकास तूर लागू देईल तर शपथ.

त्याच संध्याकाळी त्याने चाक सुटं केलं आणि भाग चार ठिकाणी लपवले. दुसऱ्या दिवशी छापखानेवाल्याशी भांडण काढलं. दोघांची भिंत एकच. ह्याचं म्हणणं, तू भिंतीला भोक पाडून माझ्यावर नजर ठेवतोस. छापखानेवाला गरीब स्वभावाचा, अंगाने आडवा, शाईने कायम काळा. म्हणाला, बाबा रे, मला लग्नपत्रिकांतून मान वर काढायला वेळ नाही. पण हा ऐकतो होय? इतकं डोकं खाल्लं, की त्या बिचाऱ्याने कंटाळून सहा-सात माणसं बोलावली आणि अख्खं मशीन पाइपांवरून ढकलत पलीकडच्या भिंतीला नेऊन लावलं. गुपितरावांचा विजय झाला.

मग निवांतपणे चाक पुन्हा जोडलं. फिरेना.

सगळं तसंच होतं. तेच हात, तेच गोळे, तीच काळी कडी. फिरेना म्हणजे फिरेना. पहिले काही दिवस तो म्हणाला, कुठेतरी चुकतंय. मग म्हणायला लागला, कुणीतरी चुकवलंय. आणि एका दुपारी डबा उघडायच्या आधी माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक्सल बदललाय."

मधे चाक सुटं पडलेलं असताना एकदा हे पॉलिश करून देतो म्हणून तो एक्सल घेऊन गेले होते. भला माणूस, उपकार करायला गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"कुणी बदललाय?" मी विचारलं, पण उत्तर मला माहीत होतं.

"तुझ्या नवऱ्याने. त्या दिवशी ऐनवेळी ते आलेच कसे? खरा एक्सल ठेवून घेतला आणि त्याच्यासारखा दुसरा दिला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात वर्कशॉपमधला एक खिळा घरी आणला नाही, त्याला हा चोर म्हणतो? मी चांगलं खडसावलं. मी निघाले तर डबा माझ्या हातात दिला, न उघडलेला. "उद्यापासून आणू नकोस. तू त्यांच्या घरातून येतेस."

घरातून येतेस म्हणजे काय रे? मी तुझी बहीण ना? पण त्याने पडदा ओढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी नेला, तोही परत. तिसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. आत आहे हे मला दिसत होतं, दाराच्या फटीतून पाय दिसत होते. मी दार ठोठावलं, हाका मारल्या, शेवटी शिव्या घातल्या. पाय हलले नाहीत. रस्त्यात उभी राहून मी रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही. हा आता मला तोडणार, आणि आत बसून उपाशी मरणार, एवढंच डोक्यात होतं.

माझं रडणं ऐकून छापखानेवाला बाहेर आला. त्याने मला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. मशीन सुरू होतं. मी पदराने डोळे पुसत होते तेव्हा समोर लक्ष गेलं. मशीनजवळच्या भिंतीत एक खिळा होता, त्यावर चिकटपट्टीचं संपलेलं कडं अडकवलेलं होतं, आणि ते कडं खिळ्याभोवती आपलं आपण गोल फिरत होतं. सावकाश, डुगडुगत.

"हे असं का फिरतंय?" मी विचारलं.

"ते होय? मशीनच्या हादऱ्याने. सैल अडकवलं की फिरतं. मशीन थांबलं की थांबतं." त्याने बटण बंद केलं. कडं थांबलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा निघालं.

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. भोकात खडखडणारा एक्सल, पलीकडून धडधडणारी भिंत, आणि ते मशीन त्यानेच भांडून तिथून हलवलेलं. अरे देवा! त्याच्या चाकाला जे फिरवत होतं त्याला ह्यानेच हाकलून दिलं होतं.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? सांगितलं तर चाक जातं, ज्याच्यासाठी त्याने सगळं सोडलं. नाही सांगितलं तर नवरा चोर ठरतो. इकडे आड, तिकडे विहीर. मी नवऱ्याच्या बाजूने गेले. दार फोडायची धमकी देऊन त्याला बाहेर काढलं, हाताला धरून छापखान्यात नेलं आणि त्या खिळ्यासमोर उभं केलं. गालफडं बसली होती त्याची. छापखानेवाल्याने मशीन चालू केलं, बंद केलं, चालू केलं.

तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, पटलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "म्हणजे हाही त्यांना सामील आहे तर."

मी कपाळावर हात मारून घेतला. दगडावर डोकं आपटलं असतं तर निदान आवाज तरी आला असता.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. खिळा, कडं, त्याची गालफडं, सगळं. हे नखातलं तेल काडीने काढत ऐकत होते. ऐकून झाल्यावर उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चल." मला वाटलं, आता ह्यांचाही संयम सुटला, दोन ठेवून देणार. म्हटलं देऊ देत.

दुकानाच्या दारात उभे राहून हे म्हणाले, "उघड रे. एक्सल मी बदलला."

दार उघडलं. मी ह्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. "अहो, काय बोलताय!" तर ह्यांनी हाताने मला गप्प केलं.

"का?" भावाने विचारलं.

हे खालच्या, जड आवाजात म्हणाले, "जळलो. तीस वर्षं लोखंड कापतोय, सगळं दुसऱ्यांच्या मापाने. माझ्या हातून माझं असं काही झालं नाही. तुझं झालं, ते बघवलं नाही."

"आणि खरा एक्सल?"

"भट्टीत टाकला. आता सापडायचा नाही."

भाऊ खाली बसला, तिथेच उंबऱ्यावर. मला वाटलं, कोसळला. पण त्याने मान वर केली तर चेहरा असा मोकळा झालेला, जसा मोठ्या तापातून उठलेल्या माणसाचा होतो. "मला माहीतच होतं!" तो म्हणाला. "ताई, बघ, मी म्हणत नव्हतो? चाक बरोबर होतं. माझं चाक बरोबर होतं!" मग उठून ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, भावोजी. मी मनात ठेवणार नाही. केलं माफ."

केलं माफ! माझ्या जिभेवर काय काय आलं होतं म्हणून सांगू. पण त्या रात्री तो आमच्याकडे जेवायला बसला, दोनदा भात मागून घेतला, आणि मी तोंड मिटून वाढत राहिले. भाऊ परत मिळाला होता. त्याची किंमत दुसरा कुणी भरत होता, तर मी बोलणारी कोण?

चाक त्याने पुन्हा बांधलं नाही. खरा एक्सलच नाही म्हटल्यावर बांधायचं कशाला? त्याची रया परत आली, दुकान उघडलं, गिऱ्हाइकं आली. आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगायला लागला, की त्याने एकदा आपोआप फिरणारं चाक केलं होतं, पण घरच्याच माणसाने दगा दिला. ज्याने उभ्या जन्मात कुणाला काही सांगितलं नाही, त्याने नेमकी हीच गोष्ट गावभर केली. "पण मी माफ केलंय," हेही सांगायचा, मोठ्या मनाने. गोष्ट फिरत फिरत वर्कशॉपमध्ये पोहोचली. मालक ह्यांची पाळी संपली की हत्यारांच्या कपाटाला स्वतः कुलूप लावायला लागला. पूर्वी किल्ली ह्यांच्याकडेच असायची.

मी चिडले की हे म्हणायचे, "जेवतोय ना तो नीट? मग झालं तर."

पण मला एक गोष्ट खात राहिली. आमचे हे थापा मारण्यात अगदी कच्चे. पाहुण्यांना साधं 'घरी नाही' सांगायचं म्हटलं तरी ह्यांची जीभ अडखळते. मग त्या दिवशी दारात उभं राहून ते 'जळलो' इतकं सरळ कसं निघालं? तो शब्द ह्यांना सुचला कुठून? आणि आवाज तसा का झाला? कणीक मळताना, कपडे वाळत घालताना, माझ्या कानात तोच आवाज. कडं फिरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीपण. पॉलिशला म्हणून एक्सल नेलाच होता की. चाक ते चाक, कडं ते कडं.

एका संध्याकाळी हे जेवत होते. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि तोंडातून गेलंच, "अहो, खरं सांगा. बदलला नव्हता ना तुम्ही?"

हे चिडले नाहीत. ताट सारलं नाही. घास चावून संपवला, पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवटी बहीण कुणाची!"

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, अहो, सहज विचारलं. हे हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले. रोज आल्या आल्या हातपाय धुवायला जातात, त्या दिवशी गेले नाहीत. माझ्यासमोर उभे राहिले आणि एकेक खिसा उलटा करून आतलं सगळं टेबलावर काढून ठेवलं. रुमाल, घराची किल्ली, बसचं तिकीट, अर्धी पेन्सिल. खिशांची पांढरी अस्तरं बाहेर लोंबत होती. मी म्हटलं, हे काय भलतंच? तर म्हणाले, "बघून घे." मला चेष्टा वाटली. तिसऱ्या दिवशीही तेच केलं तेव्हा मी रडले, हात धरले, पाया पडायची बाकी राहिले. माझा हात बाजूला करून ह्यांनी दुसरा खिसा उलटा केला. अजून रोज करतात. भाऊ जेवायला आलेला असला तर त्याच्यासमोर करतात, आणि तो मान डोलावून म्हणतो, "असू दे, ताई. माणसाने सुधारायचं ठरवलंय, तर अडवू नये."